निकाल लागायच्या आधी लिही

कोसाड, सुरत
रविवार, रात्री

चि. बाळ,

तू पाठवलेली तिन्ही कात्रणं मिळाली. मामीने चष्मा लावून एकेक ओळ वाचली, शेजारणींना दाखवली आणि घडी करून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली. अमळनेरच्या आपल्या घरातून वर्तमानपत्रात नाव छापून आलेला तू पहिलाच. क्रीडा पानावर तुला काम मिळालं त्या दिवशी मी मागाच्या खात्यात पेढे वाटले होते. तेव्हा आज जे लिहितोय ते रागाने लिहिलेलं समजू नकोस.

पहिली दोन कात्रणं चांगली आहेत. तिसऱ्यात तू लिहिलंस की या कप्तानाच्या अंगात कप्तानकीचं रक्तच नाही. सामना हरल्यावर तासाभरात लिहून दिलेलं दिसतंय. त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर तू कोसाडच्या मैदानावरचा तो व्हिडिओ पुढे पाठवलास आणि खाली हसणारे चेहरे टाकलेस. इथून निघालेला व्हिडिओ जळगाव फिरून माझ्याच फोनवर आला. त्या सामन्याचा स्कोअर मी लिहीत होतो, म्हणून आधी त्याचंच सांगतो.

आवास वसाहतीच्या इमारतींमागचं मैदान तू पाहिलं आहेस. आठ ओव्हरचा टेनिस बॉलचा सामना होता. शेवटच्या ओव्हरला समोरच्यांना नऊ धावा हव्या होत्या. आपल्या पोरांच्या कप्तानाने बॉल स्वतःकडे घेतला. दुसऱ्या बॉलला सिक्स, चौथ्याला फोर, सामना संपला. व्हिडिओ चौदा सेकंदांचा आहे. सिक्स जातो, कप्तान गुडघ्यांवर हात ठेवून वाकतो, मागून कुणीतरी ओरडतं, ‘हिरो बनायला गेला!’ एवढंच.

त्या चौदा सेकंदांत जे नाही ते माझ्या वहीत आहे. त्याच्या हुकमी बॉलरची एक ओव्हर शिल्लक होती, पण तो साडेसहालाच निघून गेला होता. सातला त्याची रात्रपाळी भरते आणि उशीर झाला की त्याचे माग दुसऱ्याच्या हाती जातात. मग टाकणारे दोघंच उरले, कप्तान आणि एक सोळा वर्षांचा पोरगा. त्या पोराने जन्मात कधी शेवटची ओव्हर टाकली नव्हती. तो पुढे आला होता, बॉलही मागितला त्याने. कप्तान त्याला म्हणाला, ‘तू राहू दे, ही माझ्याकडे.’ माझ्या टेबलापर्यंत ऐकू आलं ते. पोराच्या वाट्याचा मार त्याने आपल्या अंगावर घेतला होता, बाळा. दोन रविवार झाले, तो मैदानावर उतरलेला नाही. खात्यात त्याला ‘हिरो’ म्हणून हाका मारतात.

तू म्हणशील, मामा, गल्लीतल्या सामन्याचं काय घेऊन बसलात, मी मोठ्या खेळाडूंवर लिहितो, त्यांना कोट्यवधी मिळतात, त्यांनी ऐकून घ्यायला हवं. ऐकून घ्यायलाच हवं. पण काय ऐकून घ्यायचं, याचा हिशेब नको का? मोठ्यांचंच बोलू.

हार्दिक पंड्या आपल्या सुरत जिल्ह्यातला, १९९३ साली चोऱ्यासी तालुक्यात जन्मलेला. पोरांच्या क्रिकेटसाठी वडिलांनी सुरत सोडून बडोदं धरलं, किरण मोरेंच्या अकादमीत दोघा भावांना घातलं. त्याने कप्तान म्हणून २०२२ साली गुजरात टायटन्सला पहिल्याच वर्षी आयपीएल जिंकून दिली आणि पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत नेलं. मग मुंबई इंडियन्सने त्याला परत घेतलं आणि १५ डिसेंबर २०२३ रोजी रोहित शर्माच्या जागी कप्तान केलं. रोहितने पाच वेळा ती स्पर्धा जिंकून दिली होती. माणसं दुखावली, मीही दुखावलो. आपल्याकडे खात्यातली निम्मी पोरं रोहितची, ती आठवडाभर धड बोलत नव्हती.

पुढचं तुला पाठ असेल. अहमदाबादला हुर्यो, हैदराबादला हार, आणि १ एप्रिल २०२४ रोजी वानखेडेवर, त्याच्या स्वतःच्या संघाच्या घरच्या मैदानावर, नाणेफेकीलाच अशी हुर्यो झाली की संजय मांजरेकरांना माइकवरून लोकांना नीट वागायला सांगावं लागलं. त्या दिवसाचं स्कोअरकार्ड काढून बघ. समोरच्या संघाच्या बोल्टने रोहित, नमन धीर आणि ब्रेव्हिस या तिघांना पहिल्याच बॉलला परत पाठवलं. मुंबईच्या कशाबशा १२५ झाल्या. त्यात सगळ्यात जास्त धावा, ३४, हार्दिकच्या होत्या. ज्याला हुर्यो केली तोच त्या दिवशी मुंबईकडून सगळ्यांत जास्त खेळला होता.

इथे मी तुला मागावरची गोष्ट सांगतो. तू लहानपणी सुट्टीत खात्यात यायचास, कापडाच्या ताक्यांवर चढून बसायचास, तेव्हा तुला कापडातला दोष बघायला शिकवायचं राहून गेलं. ताका उलगडून उजेडासमोर धरला की दोष दिसतो. दोष आडवा असेल, एखादा पट्टा जाड, एखादा विरळ, किंवा बाण्याचा धागाच गेलेला, तर तो बहुतेक वेळा आपल्या मागावरचा असतो. कारीगराचं लक्ष चुकलेलं असतं किंवा माग नीट लागलेला नसतो. पण दोष उभा असेल, टोकापासून टोकापर्यंत एक रेघ सरळ चाललेली असेल, तर पुष्कळदा ती उभ्या धाग्यांच्या बीममधूनच आलेली असते. ताण्याचा धागा बीम भरतानाच बिघडलेला असतो. कारीगराने माग सुरू केला तेव्हा ती रेघ ठरूनच गेलेली.

मी तरुण असताना एका खात्यात माझ्या पगारातून सलग तीन पंधरवडे पैसे कापले. तीन ताक्यांवर डाग होता आणि त्या मागावर मी होतो, एवढं त्यांना पुरलं. शेवटी घडीखात्यातल्या एका म्हाताऱ्या मास्तराने ताका उजेडासमोर धरला, रेघेवरून बोट फिरवत नेलं आणि शेठच्या पोराला म्हणाला, ‘ही याची नाही.’ कापलेले पैसे परत मिळाले नाहीत. पण बाळा, ते वाक्य मला आजही पैशांपेक्षा मोठं वाटतं. आणि हेही सांगतो, पुढे एकदा खरोखर माझी झोप लागली आणि वीतभर आडवा पट्टा गेला. त्याच मास्तराने तेव्हा माझे पैसे कापायला लावले. ते रास्तच होतं.

आता हार्दिकचा ताका धर उजेडासमोर. कप्तान बदलायचा निर्णय मालकांचा होता. रोहितला कसं सांगितलं, लोकांना कसं कळवलं, तेही मालकांचं. ही उभी रेघ, बीममधून आलेली. तिची हुर्यो त्याच्या डोक्यावर फुटली ती चूक. पण हैदराबादला समोरचे रान पेटल्यासारखे मारत असताना पहिल्या दहा ओव्हरांत जसप्रीत बुमराला त्याने एकच ओव्हर दिली, आणि सनरायझर्सनी २७७ केल्या. तो आडवा पट्टा, त्याच्याच हातचा. त्यावर तू कितीही कडक लिही, मी पहिल्यांदा वाचीन. त्या मोसमात चौदांपैकी चारच सामने जिंकून मुंबई तळाला गेली, हेही लिही. मला तुझी धार बोथट करायची नाही. ती योग्य धाग्यावर पडावी एवढंच मागतोय.

मग २९ जून २०२४ आला, बार्बाडोस, विश्वचषकाचा अंतिम सामना. दक्षिण आफ्रिकेला ३० बॉलमध्ये ३० हव्या होत्या, क्लासेन सुटला होता. खात्यात माग चालू होते, आवाजात कॉमेंट्री ऐकू येत नव्हती, म्हणून पोरं एका फोनभोवती डोकी घालून नुसतं चित्र बघत होती. सतराव्या ओव्हरच्या पहिल्या बॉलला हार्दिकने क्लासेनला काढलं. शेवटच्या ओव्हरला १६ हव्या असताना बॉल त्याच्याच हातात. पहिला बॉल, मिलरचा फटका, आणि सीमेवर सूर्यकुमारचा तो झेल. सात धावांनी आपण जिंकलो, हार्दिकचे २० धावांत ३ बळी. ४ जुलैला संघ मिरवणुकीने वानखेडेवर आला आणि तिथे लोक त्याचं नाव घेऊन गर्जत होते. मधे तीन महिने गेले होते.

सगळ्यांनी लिहिलं की त्याने सगळ्यांची तोंडं बंद केली. मला त्या वाक्याचा त्रास झाला. समज, मिलरचा फटका हातभर पुढे गेला असता तर? ओव्हर तीच, बॉल तोच, टाकण्याची हिंमत तीच, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात काय छापून आलं असतं, ते तू आणि मी दोघंही जाणतो. आणि त्या विजयात बुमराने अठराव्या ओव्हरला दोनच धावा दिल्या, अर्शदीपने एकोणिसाव्याला चारच, त्या किती जणांच्या लक्षात आहेत? तोच अर्शदीप ४ सप्टेंबर २०२२ रोजी दुबईत पाकिस्तानविरुद्ध एक झेल सोडून बसला, तेव्हा त्याला देशद्रोही म्हणण्यापर्यंत लोकांची मजल गेली होती, विकिपीडियावरचं त्याचं पान कुणी बिघडवलं होतं. २०२४ च्या त्या विश्वचषकात त्याने १७ बळी घेतले.

हे आजच्या मोबाइलमुळे झालं असं मात्र लिहू नकोस. तुझे आजोबा अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये होते तेव्हा मोबाइल कुठला, रेडिओसुद्धा गल्लीत दोन. अजित वाडेकरांनी १९७१ साली आधी वेस्ट इंडीजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. दोन्ही पहिल्यांदाच. मुंबईने त्यांना डोक्यावर घेतलं. इंदूरला लोकांनी काँक्रीटची भली मोठी बॅट उभारली, तिच्यावर खेळाडूंची नावं कोरली. तीन वर्षांनी, जून १९७४ मध्ये लॉर्ड्सवर आपला डाव ४२ धावांत आटोपला. सगळ्यात जास्त एकनाथ सोलकरच्या, नाबाद १८. आजोबा सांगायचे, रेडिओच्या बातम्यांत ४२ ऐकलं तेव्हा त्यांना वाटलं एखादा आकडा ऐकायचा राहिला. मालिका ३-० गेली. वाडेकरांच्या घरावर दगड पडले, इंदूरच्या त्या बॅटला काळं फासलं, आणि पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळल्यावर वाडेकरांनी खेळणंच सोडलं. १६ कसोटींत कप्तान, ४ जिंकल्या, ४ हरल्या, ८ अनिर्णित. हा एका धड कप्तानाचा हिशेब आहे. बॅट उभारावी इतकाही मोठा नाही आणि दगड मारावेत असा तर मुळीच नाही. १९७१ सालीच लोकांनी त्यांना जरा मापात उचललं असतं, तर १९७४ साली आपटायला एवढी उंची नसती.

सचिनलाही नाही सोडलं. मार्च २००६, इंग्लंडविरुद्ध वानखेडेवरच, २१ बॉलमध्ये १ धाव करून परतताना घरच्या लोकांनी हुर्यो केली. त्या मालिकेनंतर लगेच त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं.

तुझ्या मावशीचा मुलगा अमेरिकेत आहे, त्याच्याशी मध्ये फोनवर बोलताना हाच विषय निघाला. तिकडच्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणून एक खेळाडू असतो, चढाईत जवळजवळ दर खेपेला बॉल आधी त्याच्या हातात येतो. संघाच्या हारजितीचा आकडा तिकडे त्याच्या नावापुढे लिहितात. पण समोरच्यांकडे बॉल गेला की हा बाकावर जाऊन बसतो आणि बचावाला वेगळेच अकरा जण उतरतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये टॉम ब्रेडी नावाच्या तिथल्या सगळ्यात गाजलेल्या क्वार्टरबॅकने सुपर बोल या अंतिम सामन्यात ५०५ यार्डांच्या फेकी केल्या. त्या सामन्याच्या इतिहासात तेवढं कुणी केलं नव्हतं. तरी त्याचा संघ ४१-३३ हरला आणि पराभव त्याच्या नावावर चढला. भाचा म्हणाला, मामा, इथेही सामना संपल्यावर सोमवारी सकाळी सगळे शहाणे होतात. म्हणजे तिकडेही तेच. ज्याच्या हातात बॉल दिसतो त्याच्यावर सगळ्यांची पावती फाटते. टीव्हीला एक चेहरा लागतो, मथळ्यात दोनच शब्द मावतात, आणि संपादक बाराच्या आत मजकूर मागतो. तुझी ती घाई मला कळते. खात्यातही रोजचे मीटर भरावेच लागतात.

तेव्हा उपदेश म्हणून एकच गोष्ट सांगतो, आणि ती मी स्वतः केलेली आहे. स्कोअर लिहिताना मी वहीच्या समासात पेन्सिलने एक ओळ लिहितो. ओव्हर सुरू होण्याआधी. कप्तानाने कुणाला बॉल दिला, मी असतो तर कुणाला दिला असता, आणि का. निकाल लागायच्या आधी. ही सवय लागून आता सात-आठ वर्षं झाली. सुरुवातीला संध्याकाळी वही उघडली की मला लाज वाटायची. ज्या निर्णयावरून मी घरी येताना कप्तानाला शिव्या घालत आलो होतो, तो निर्णय समासात माझ्याच अक्षरात असायचा. मीही तेच केलं असतं आणि तेवढाच मार खाल्ला असता. हरल्यावर मात्र माझं मन मला सांगायचं की मी वेगळं केलं असतं. लबाडी अशी अगदी आतून येते, बाळा. वही नसती तर मला ती कधीच पकडता आली नसती.

तूही एक वही घे. सामना चालू असताना लिही, बॉल पडायच्या आधी लिही. नंतर लेख लिहायला बसशील तेव्हा ती समोर ठेव. तिथे तू ‘चूक’ लिहिलं असशील आणि ती चूक ठरली, तर कडक शब्दांत लिही, कुणालाही घाबरू नकोस. तिथे तू ‘चूक’ लिहिलं असशील आणि तरी संघ जिंकला, तर तेही लिही. ते लिहायला जास्त धीर लागतो, कारण गुलाल उडत असताना ते कुणाला नको असतं. आणि तिथे तूच ‘बरोबर’ लिहिलं असशील, तर हरलेल्या कप्तानाच्या रक्तावर जाऊ नकोस. रक्त, लायकी, काळीज, हे शब्द खेळाचं पान लिहिणाऱ्याने वापरायचेच नाहीत असं मी म्हणेन. माणसाचं काळीज चौथ्या बॉलवरून कळत नाही.

आणखी एक आठवण सांगतो, ती मला फार आवडते. डिसेंबर २०२०, ॲडलेड. अजिंक्य रहाणेच्या हाकेवर विराट कोहली ७४ वर धावबाद झाला, दोन दिवसांनी आपला डाव ३६ धावांत गडगडला, आणि त्या धावबादचं खापर रहाणेवर फुटलं. कोहली घरी परतला, मेलबर्नला रहाणे कप्तान. संगमनेरजवळच्या आश्वी खुर्दचा हा मुलगा तिथे ११२ वर खेळत असताना जडेजाच्या पन्नासाव्या धावेच्या धावपळीत धावबाद झाला. मैदान सोडण्याआधी त्याने जडेजाच्या पाठीवर थाप मारली, तू खेळत राहा म्हणून. जडेजाने ५७ केल्या आणि २९ डिसेंबरला आपण आठ गड्यांनी जिंकलो. धावबाद होणं म्हणजे काय आणि त्याचं खापर कसं फुटतं, हे अकरा दिवसांपूर्वीच त्याला कळलं होतं, म्हणून ती थाप त्याला सुचली असेल असं मला वाटतं.

आपल्या कोसाडच्या पोराच्या पाठीवर थाप मारणारं कुणी नव्हतं. मीही टेबलावरून उठलो नाही, बेरीज जुळवत बसलो. त्याचं मला वाईट वाटतं आणि उद्या पाळी सुटायच्या वेळी मी त्याला गाठणार आहे.

तुझ्याकडून मला दोन गोष्टी हव्यात. दिवाळीत येशील तेव्हा त्याला भेट आणि ‘तो व्हिडिओ मी पुढे पाठवला होता’ हे त्याला तोंडावर सांग. तो काय म्हणतो ते ऐकून घे. दुसरी गोष्ट आजच कर. ग्रुपवरून तो व्हिडिओ काढून टाक आणि त्याच्या जागी सोबत पाठवलेला फोटो टाक. माझ्या वहीचं त्या दिवसाचं पान आहे ते. त्याने आधी टाकलेली ओव्हर बघ, तीन धावा, दोन विकेट. आणि शेवटच्या ओव्हरसमोर समासात पेन्सिलने माझ्या अक्षरात लिहिलंय: कप्तान स्वतः. दुसरं कोणी नाही.

तुझा
मामा